चिमटीतलं चूर्ण

आमच्याकडे चूर्ण तयार होत नाही, उतरतं. दळून झालं, चाळून झालं, तरी ते लगेच बाटलीत भरायचं नसतं. आधी स्टीलच्या ताटलीत थोडं काढून बाबांपुढे न्यायचं. बाबा हात धुतात, पंच्यानं कोरडे करतात, अंगठा आणि अनामिका यांच्यात एक चिमूट धरतात आणि डोळे मिटून चोळतात. बोटांना काहीही लागलं नाही तर म्हणतात, "उतरलं." कण लागला तर म्हणतात, "भरड." भरड म्हटलं की यंत्र पुन्हा सुरू करायचं. त्यावर अपील नाही.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यातलं निम्मं माझ्या तापटपणामुळे झालं आणि उरलेलं निम्मं मला दिसत असूनही दिसलं नाही म्हणून झालं.

बाबा वैद्य. पनवेलच्या जुन्या भागात, बाजारापासून दोन गल्ल्या आत, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर औषधं करायची जागा आणि वर पहिल्या मजल्यावर घर. मोठा कारखाना वगैरे काही नाही. एक यंत्र, चार चाळण्या, वाळवणाची गच्ची आणि बाटल्या भरायचं एक लांब टेबल. चार-पाच चूर्णं आम्ही करतो, पण खपतं ते एकच, पोटाचं. सोनामुखी, हिरडा, बडीशेप, ज्येष्ठमध आणि सैंधव. पनवेल-उरणमधल्या कितीतरी घरांत फ्रिजच्या वर ती बाटली असते, आणि दिवाळीच्या फराळानंतरचे पंधरा दिवस म्हणजे आमचा सीझन.

मी खारघरला राहते. तिथल्याच एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा जेवायचे विसरायला लागले. दाढी वाढलेली, लेंगा दोन-दोन दिवस तोच. तरी सकाळी नऊला ताटली येणार असली की मात्र हा माणूस अंघोळ करून, दाढी करून, खाली आपल्या लाकडी खुर्चीत हजर. बाकी सगळं सुटलं होतं, चिमूट सुटली नव्हती. ती सुटली तर बाबा अंथरुणातून कशासाठी उठतील, हे मला सांगता आलं नसतं. म्हणून नोकरी सोडली आणि स्कूटरवरून रोज पनवेलला यायला लागले.

आल्या आल्या भांडायलाही लागले. माझं म्हणणं, चाळणी असताना बोटं कशाला? ऐंशी नंबरच्या जाळीतून जे खाली पडलं ते ऐंशी नंबरचं. तिथे मत कसलं द्यायचं? बाबा म्हणाले, "ज्येष्ठमध चाळून बघ." मी चाळलं. त्यांनी खाली पडलेलं चूर्ण माझ्या तळहातावर ठेवलं आणि भिंगाखाली धरायला लावलं. त्यात तंतू होते. जाळीच्या भोकापेक्षा चांगले लांब, पण केसासारखे बारीक. "काडी आडवी असली तर जाळी अडवते," बाबा म्हणाले, "उभी झाली की सोडते. बोट सोडत नाही." मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट असते.

आमच्याकडे एक मावशी आहेत. उरणच्या वाटेवरच्या जासई गावच्या. माझं लग्न व्हायच्या आधीपासून कामाला. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता कंटेनरचे यार्ड आहेत आणि चौथ्या बाजूला ट्रेलरचा रस्ता, तरी साडेआठच्या आत त्या पनवेलला पोचतात आणि मी खारघरहून जेमतेम नऊला पोचते, यावर त्या कधीच काही बोलत नाहीत. नुसतं घड्याळाकडे बघतात. निवडणं, वाळवणं, चाळणं ही कामं त्यांची. ताटली बाबांपुढे नेण्याचं कामही त्यांचंच. बाबांना त्या 'दादा' म्हणतात आणि मला 'ताई'.

त्या वर्षी नवरात्र संपता संपता मावशींच्या मुलीची बाळंतपणाची तारीख आली. मुलगी उरणजवळच्या मोऱ्याला दिलेली, सासरी करणारं कोणी नाही. मावशी महिना-सव्वा महिन्याच्या रजेवर गेल्या. "ताई, दादांकं लक्ष ठेवा," जाताना म्हणाल्या. मी म्हटलं, "मी त्यांचीच मुलगी आहे हो मावशी." त्या हसल्या नाहीत.

मग ताटली न्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच बॅचला बाबा म्हणाले, "भरड."

मी पुन्हा दळलं. "भरड." पुन्हा दळलं. "अजून जरा भरडच आहे." चौथ्यांदा दळून आणलं तेव्हा बराच वेळ चोळून म्हणाले, "उतरलं." माझा हात दुखून आला होता, नाकातोंडात चूर्ण गेलं होतं आणि डोक्याचा पारा चढला होता. दुसऱ्या बॅचचंही तेच. तिसऱ्याचंही. मावशींच्या वेळी पहिल्या नाहीतर दुसऱ्या खेपेला उतरणारं चूर्ण माझ्या वेळी चौथ्याशिवाय उतरेना.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, बाबांचा माझ्यावर विश्वास नाही. कॉलेजात काचेची भांडी विसळणाऱ्या मुलीला औषध काय कळणार, असं त्यांच्या मनात आहे आणि ते तोंडानं न बोलता चिमटीनं बोलतायत. हे एकदा डोक्यात बसल्यावर मला सगळीकडे त्याचेच पुरावे दिसायला लागले. ताटली ठेवून मी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहायचे, नजर त्यांच्या तोंडावर. ते डोळे उघडून आधी माझ्याकडे बघायचे, मग टेबलाकडे बघायचे, मग म्हणायचे, भरड. बघा, मी मनात म्हणायचे, आधी माझं तोंड बघतात आणि मग ठरवतात.

मी यंत्राची पाती बदलली. जाळी फाटली असेल म्हणून नवी आणली, तीही शंभर नंबरची, आणखी बारीक. म्हटलं, घ्या, आता बघू काय लागतं बोटाला.

चूर्ण खरोखरच सुंदर दिसायला लागलं. चेहऱ्याला लावायच्या पावडरसारखं मऊ. पण मी प्रयोगशाळेतली बाई. हळूहळू मला त्यात दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या.

पहिली गोष्ट रंगाची. आमचं चूर्ण हिरवट तपकिरी असतं. हे फिकट झालं, सुकलेल्या मेंदीसारखं. वस्तू तीच, प्रमाण तेच, फक्त बारीक होत गेली तसा रंग उडाल्यासारखा दिसायला लागला. दुसरी गोष्ट वासाची. चार-चारदा दळताना यंत्राचं पोट इतकं तापायचं की बाहेरून हात लावता यायचा नाही, आणि अख्ख्या जिन्यात बडीशेपेचा घमघमाट सुटायचा. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आज काय छान वास येतोय!" मला तेव्हा कळायला हवं होतं की जिन्यात आलेला वास बाटलीतून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. जुनं चूर्ण कोमट पाण्यात टाकलं की ओलं होऊन खाली बसायचं. हे वरच तरंगायचं. ढवळलं तर त्याचे गोळे व्हायचे, बाहेरून ओले आणि फोडले तर आत कोरडे ठणठणीत. चौथी मिठाची. सैंधव इतकं बारीक होऊन सगळीकडे पसरलं की खाडीवरून येणारी दमट हवा त्यानं आनंदानं ओढून घेतली. चार दिवसांत बाटलीच्या तळाशी गुठळ्या. आणि वरून बाटली कमी भरल्यासारखी दिसायची, कारण भरताना फुललेलं चूर्ण नंतर दबून खाली बसायचं. मी काठोकाठ भरलेली बाटली आठवड्यानं खांद्याच्या खाली उतरलेली असायची.

याच्यामागचं शास्त्र मला पाठ होतं. तुकडा जितका लहान, तितका हवेला आणि पाण्याला उघडा पडणारा भाग जास्त. त्यासाठी कॉलेजात शिकायची गरज नाही. एक नारळ अख्खा ठेवा आणि एक खवून ठेवा, आधी कोणता विटतो ते कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. बारीक म्हणजे वाईट असं नाही. अंगाला लावायचा लेप मैद्यासारखाच हवा. उलट काढा करायचा तर भरडच हवी, बारीक चूर्णाचा काढा केला तर पातेल्याच्या बुडाशी लापशी लागते आणि फडक्यातून थेंब गळत नाही. प्रत्येक गोष्टीची एक हद्द असते, ती गाठायची आणि तिथे थांबायचं. आमच्या चूर्णाची हद्द बाबांना चाळीस वर्षं माहीत होती. मग तेच मला तिच्या पलीकडे का ढकलत होते?

दिवाळीच्या आधी उरणहून एक निवृत्त शिक्षक आले. जुने गिऱ्हाईक. बसनं येतात, एका वेळी दोन बाटल्या नेतात आणि अर्धा तास राजकारणावर बोलतात. या खेपेला राजकारण नाही. बाटली टेबलावर ठेवली.

"बाई, चूर्ण बदललंत का?"

"नाही हो सर. तेच आहे."

"तेच नाही." त्यांनी बाटली उलटी केली. चूर्ण खाली आलंच नाही, गुठळी होऊन बसलं होतं. "जिभेवर ठेवल्या ठेवल्या कडू होतं. पूर्वी घशाशी गेल्यावर कळायचं. आणि दुसरं म्हणजे," त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला, "पूर्वी सकाळचा चहा झाला की काम व्हायचं. आता चहाची वाटच बघत नाही. परवा बसमध्ये माझी काय अवस्था झाली ते मी सांगणार नाही."

मला हसू आलं आणि ते त्यांना दिसलं. मी त्यांना आधीच्या बॅचच्या दोन बाटल्या दिल्या, माफी मागितली. ते गेल्यावर मात्र हसू गेलं. एका माणसाच्या पोटात कळ आली होती, आणि ती माझ्या यंत्रातून गेली होती. बाबा वर जेवत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. ठरवलं, आधी पुरावा.

प्रत्येक बॅचचा थोडा नमुना आम्ही सीलबंद करून कपाटात ठेवतो. त्यावर तारीख आणि बाबांची सही असते. म्हणजे हे चूर्ण उतरलं, असं त्यांनी स्वतः लिहून दिलेलं. मी उन्हाळ्यातला एक नमुना काढला, सील फोडलं, ताटलीत ओतला आणि दुसऱ्या दिवशी नऊला बाबांपुढे ठेवला. नेहमीसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

बाबांनी हात धुतले. पुसले. चिमूट घेतली, डोळे मिटले, चोळली. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. म्हणाले, "भरड. पुन्हा घे."

मी सील फोडलेली बाटली त्यांच्यासमोर आपटली. "ही सही कोणाची?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. बाटली हलकेच टेबलावर ठेवली.

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, लिहिताना लाज वाटते. शेवटचं तेवढं लिहिते, कारण ते मला अजून ऐकू येतं. मी म्हटलं, "तुमच्या हातून उतरलेलं चूर्ण मी आणलं तर भरड होतं. म्हणजे चूर्ण नाही, मी भरड आहे. असं असेल तर तुमची चिमूट खोटी आहे बाबा. उद्यापासून मी चाळणीवर विश्वास ठेवणार. तुम्ही खाली यायची गरज नाही."

बाबांनी पंच्यानं हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. मग उठले आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी नऊला ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी डबा वर नेऊन ठेवायचे, तो तसाच परत यायचा. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. बोलले तर तुटक बोलायचे, "हो," "नको," "ठेव तिथे." मला घाबरायला झालं. पण माघार कशी घ्यायची ते मला येत नाही, कधीच आलेलं नाही. मी यंत्र चालवत राहिले आणि चाळणीवर विश्वास ठेवत राहिले. मावशींना मात्र फोन केला. म्हटलं, बाळंतपण नीट पार पडलं ना, मग जरा लवकर येता येईल का?

मावशी चौथ्या दिवशी आल्या. येताना बारशाचे पेढे आणि सुके बोंबील, दोन्ही एकाच पिशवीतून. रिकामी खुर्ची बघितली आणि पिशवी हातातच राहिली.

"दादा कंय हान?"

मी सगळं सांगितलं. माझी बाजू जरा जास्तच नीट मांडली. नमुन्याची बाटली दाखवली. मावशींनी ऐकून घेतलं. मग स्टुलावर बसल्या.

"ताई, त्यांचे उजवे हाताची बोटं बगितली का तुमी?"

"का? काय झालं?"

"मी गेली तवा फोड व्हता. श्रावनात पन व्हता. च्याचं पातेलं फडक्याबिगर उचलतात नि त्यांना कलतंच नाय. मीच वरडली तवा टाकलान पातेलं खाली." त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "बोटांना काय लागत नाय त्यांच्या. लई महिने झाले."

मी म्हटलं, "पण मग चिमूट?"

"ती मी बगत व्हती ना."

मला कळेना. मावशी उठल्या, चाळणीपाशी गेल्या, तिथलं चूर्ण बोटांत चोळलं. मग ताटलीत थोडं घेतलं, चालत गेल्या आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलं. "चांगला असला का मी ताटली ठेवायची नि लगेच बाटल्या मांडाया जायची." त्या टेबलाकडे वळल्या आणि दोन बाटल्या मांडून दाखवल्या. "भरड असला का नाय जायची. तिथंच उबी राहायची. दादा डोले उघडायचे नि बगायचे."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं असं करायला?"

"नाय गो. आमी कवाच नाय बोललो याच्यावर. मना कललं, त्यांना कललं, झाला."

माझ्या वाट्याला ताटली आली तेव्हा मी काय करत होते? कमरेवर हात ठेवून, एका जागी उभी. रोज. दरवेळी. मला ते आधी माझ्या तोंडाकडे आणि मग टेबलाकडे बघताना दिसायचे आणि मी त्याचा अर्थ लावला होता तो असा. डोळ्यांदेखत कितीतरी महिने चाललेली गोष्ट, रसायनशास्त्र शिकलेल्या मला दिसली नव्हती, आणि ती बघायला कुठलंच शास्त्र लागत नव्हतं. बाबांना साखरेचा आजार आहे हे मला माहीत होतं. त्यांच्या गोळ्या मीच आणते. पायांना मुंग्या येतात म्हणाले होते, तेव्हा मी मोजे आणून दिले होते.

मी वर गेले. बाबा भिंतीकडे तोंड करूनच होते. पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांचा उजवा हात हातात घेतला. अनामिकेच्या बाजूला जुना, वाळत आलेला फोड होता. मी नखानं बोटाच्या टोकाला जरा जोरात दाबलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"मावशी आली वाटतं," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

मग ते उठून बसले. "काय सांगायचं? चाळीस वर्षं लोक या बोटांसाठी येतायत. आणि तू नोकरी सोडून आलेली."

"पण भरड का म्हणत होतात? रोज?"

"अगं, चांगल्या चूर्णाची खूण काय? बोटाला काही लागत नाही. बरोबर? मला आता कशातच काही लागत नाही. तू वाळू आणून ठेवलीस तरी माझ्या बोटांना ती उतरलेलीच." ते हे सगळं रोगाचं लक्षण समजावून सांगावं तसं सांगत होते. "मावशी असली की मला कळायचं. तू नुसती उभी राहायचीस. मग मी काय करणार? उतरलं म्हणालो आणि खरंच भरड असलं तर ते लोकांच्या पोटात जाणार. भरड म्हणालो तर फार तर काय, तू पुन्हा दळशील. पुन्हा तीनदा दळलंस की माझी खात्री व्हायची. बारीक झाल्यानं कोणाचं नुकसान होत नाही, असं मी धरून चाललो."

मी त्यांना उरणच्या सरांचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण आता लपवायचा कंटाळा आला होता. गुठळ्या, उडालेला वास, तरंगणारं चूर्ण, बस, सगळं. ते ऐकत राहिले. बसचं ऐकून त्यांना हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"म्हणजे दोन्हीकडून चुकलो," ते म्हणाले.

"तुम्ही नाही चुकलात. मी यंत्र तापवत बसले. वास जिन्यात जात होता, मला कळत होतं. तुमच्यावर रागावले होते म्हणून थांबले नाही. आणि चिमूट खोटी म्हणाले."

"ती खोटीच होती."

"बाबा, नका ना."

मी आयुष्यात फार थोड्या वेळा माफी मागितली आहे. तेव्हा मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, हे केस तरी यांना लागत असतील का? विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बोटांना टाचणी लावून बघितली, आणखी काय काय लावून बघितलं. साखरेमुळे नसा गेल्यात म्हणाले. वाढू नये म्हणून काळजी घ्यायची. गेलेलं परत येईल का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी वेगळंच काहीतरी सांगितलं. बाबांनी विचारलंच नाही. वैद्य माणूस, काय विचारणार?

परत येताना रिक्षात म्हणाले, "उद्यापासून मावशीला बसव खुर्चीत." मावशींना विचारलं तर त्यांनी कानाला हात लावला. "मी चूर्न चालीन, वालवीन, सांगाल ता करीन. खुर्ची दादांची हाय. मी नाय बसनार तिथं." बरं, मी बसावं तर माझी बोटं आयुष्यभर काचेच्या नळ्या धरलेली. बाबा नऊला खाली कशासाठी येणार, हा प्रश्न होता तिथेच राहिला. रात्रभर तो माझ्या डोक्यात होता.

सकाळी मी साडेआठलाच पोचले. मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी मी एक नवी बॅच दळली होती, जुन्या ऐंशीच्या जाळीतून, दोनदाच, मध्ये यंत्र थंड होऊ देऊन. वास नीट होता, रंग नीट होता. मला त्या बॅचचा अभिमान वाटत होता. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. मग जिन्यात चपला वाजल्या आणि बाबा आले. हात धुतले, पंच्याला पुसले, खुर्चीत बसले. मावशींनी ताटली ठेवली. मग बाटल्यांकडेही गेल्या नाहीत आणि उभ्याही राहिल्या नाहीत, सरळ गच्चीवर वाळवण बघायला निघून गेल्या.

बाबांनी चिमूट उचलली. चोळली नाही. दुसऱ्या हातानं माझा हात ओढून घेतला आणि ती माझ्या बोटांवर सोडली.

"अंगठा नि अनामिका. जोर द्यायचा नाही. डोळे मीट."

मी डोळे मिटले आणि चोळलं. मऊ लागलं. पुन्हा मऊ. काहीच नव्हतं. मी "उतरलं" म्हणणार एवढ्यात बोटाच्या अगदी टोकाला ज्येष्ठमधाची एक काडी लागली. पापणीच्या केसापेक्षा बारीक असेल. लागली, सरकली आणि पुन्हा लागली, इतकी स्पष्ट की मी दचकले. आणि मला रडू आलं. चूर्ण भरड निघालं म्हणून नाही. मला ती काडी लागली म्हणून.

"काय गं? भरड आहे का?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता.

"हो. एक काडी आहे."

"कुठे लागली?"

"अनामिकेच्या टोकाला. आतल्या बाजूनं."

बाबांनी स्वतःची अनामिका डोळ्यांजवळ नेली. अंगठ्यानं तिच्या टोकावरून हळूहळू, दोनदा फिरवून पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "तिथेच लागायची."